सांगलीच्या गणपती पेठेतलं जुन्या पुस्तकांचं दुकान: कपाटाला पाचपैकी पाच, सौद्याला तीन

पेठेच्या मागच्या बोळात आहे, पाटी नाही. 2019 च्या महापुरात खालचे दोन कप्पे बुडाले होते. त्यातल्या पुस्तकांच्या कडांवर गाळाची रेघ अजून दिसते, ती निम्म्या किमतीत मिळतात. मी हळदीचा अडत्या. यार्डातले सौदे उरकले की दुपारी इकडं वळतो.

मालक शरद जोशींच्या शेतकरी संघटनेतले जुने कार्यकर्ते. त्यामुळं एक अख्खं कपाट खुल्या बाजारवाल्यांचं आहे: हायेक, मिझेस, फ्रीडमन, शिवाय राजाजींच्या स्वतंत्र पक्षाच्या पिवळ्या पडलेल्या पुस्तिका. वर मालकांचं भाष्य फुकट. दोन साखर कारखान्यांत 25 किलोमीटर हवाई अंतर पाहिजे, या नियमावर ते तासभर बोलतात. "ऊस शेतकऱ्याचा, आणि गिऱ्हाईक किती लांब असावं ते सरकार ठरवणार?" हायेकचा 1945 चा लेख त्यांनीच मला समजावला. भाव म्हणजे निरोप. तिकडं तेलंगणात निझामाबादकडं हळदीचं पीक बिघडलं तर आमच्या यार्डात बोली आधी चढते, कारण मागाहून कळतं. हे मी इतकी वर्षं रोज बघत होतो, पण त्यावर कुणी लेख लिहिला असेल असं डोक्यात आलं नव्हतं.

आता तक्रार. इथं पुस्तकांवर किंमत नसते, तोंड बघून सांगतात. सरकारनं कमीत कमी कामं करावीत म्हणणाऱ्या अमेरिकन तत्त्वज्ञ नोझिकचं 1974 चं जाडजूड पुस्तक 220 म्हणाले, मी 180 ला पाडलं. घरी येऊन बघतो तर मधला 16 पानांचा फर्माच नाही. परत घेऊन गेलो.

"शेठ, दोघांनी राजीखुशीनं सौदा केला. आता मोडायचा नाही."

"काका, ह्याच नोझिकचं किमान सरकारसुद्धा फसवणूक रोखायला बसलेलं असतं. आमच्यात नमुना एक आणि पोत्यात भलतंच निघालं तर सौदा उभा राहत नाही."

"पण मलाही ठाऊक नव्हतं की पानं नाहीत. मग फसवणूक कसली?"

ह्यावर मला तिथल्या तिथं उत्तर सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर अजूनही नीट सुचलेलं नाही. पैसे मिळाले नाहीत. खुल्या व्यापाराचा जुना फ्रेंच कैवारी बास्तिया, त्याची एक भिजून फुगलेली पुस्तिका मात्र हातावर ठेवली, चहाही पाजला.

रोख पैसे न्या, सोमवारी बंद असतं. आत उजेड कमी आहे, तेव्हा पुस्तक दारापाशी आणून पानं मोजा.