शेतातल्या साइडिंगचे फाटक: सेवा बरी, पासाचा मजकूर खटकणारा

खानापूर तालुक्यात, मिरज–लोंढा रेल्वेमार्गाजवळ आमची जमीन आहे. आजोबांनी तिच्यातली एक पट्टी एका सार्वजनिक उपक्रमाला खरेदीखताने दिली, तिच्यावरून त्या कंपनीची खासगी साइडिंग, म्हणजे मुख्य मार्गातून फुटणारा मालगाड्यांचा रूळ, गेली, आणि घर एका बाजूला व ऊस, विहीर दुसऱ्या बाजूला पडली. ये-जा करण्यासाठी ठेवलेल्या फाटकाबद्दल हा अभिप्राय आहे.

फाटकाची देखभाल चांगली आहे. रुळांच्या मध्ये काँक्रीटच्या लाद्या रुळाच्या पातळीला बसवल्यामुळे उसाची ट्रॉली आता अडकत नाही. पूर्वी चाक रुतले की टोळीला निम्म्या मोळ्या खाली उतरवाव्या लागत. वाचमन कन्नड बोलतात, पण "अण्णा, रेक (मालगाडी) यायलीय, थांबा" एवढे मराठी त्यांना येते आणि ते वेळेवर येते. ५८ वाघिणींची भरलेली रेक जागच्या जागी थांबत नसल्याने फाटकाला कुलूप आणि ये-जा करणाऱ्यांची नोंदवही असण्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र सायंकाळी सातला कुलूप लागते, आणि विहिरीवरच्या पंपाला लागणारी थ्री-फेज वीज बहुतेक रात्रीच येते.

खरी अडचण फाटकातून ये-जा करण्याच्या पासाच्या अर्जाची आहे. त्यात ही वाट म्हणजे 'कंपनीच्या मर्जीने केव्हाही रद्द होणारी परवानगी' असल्याचे मान्य करून सही करायची असते. दुसऱ्याच्या जमिनीवरून वाट वगैरे वापरण्याच्या हक्कांबद्दलच्या भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम १३ प्रमाणे, दिलेल्या तुकड्यावरून गेल्याशिवाय उरलेली जमीन वापरता येत नसेल, तर देणाऱ्याकडे वाटेचा हक्क राहतो. कलम १५ प्रमाणे २० वर्षे उघड, अखंड आणि हक्काने वापरलेली वाट हक्क ठरते, जमीन सरकारची असल्यास ३० वर्षांनी. परवानगीने वापरलेली वाट 'हक्काने' वापरली असे म्हणता येत नाही, त्यामुळे ही सही महाग पडू शकते. नाल्याकडून दुसरी वाट असल्याचे कंपनी सांगते, कारण गरज संपली की कलम ४१ नुसार गरजेपोटी मिळालेला हक्कही संपतो. आषाढात त्या नाल्यात बैलही पाय घालत नाही.

मी 'वहिवाटीचा हक्क अबाधित ठेवून' असे हाताने लिहून सही केली आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मागितला. तो मिळायला तीन फेऱ्या झाल्या. पाचपैकी तीन गुण देतो. कुलूप रात्री दहापर्यंत उघडे राहिले आणि अर्जातले ते वाक्य निघाले, तर चार देईन.