बोलणारा टीव्ही घेताय? आधी सेट-टॉप बॉक्सकडे बघा

तालुक्याच्या दुकानात 'बोलणारा टीव्ही' म्हणून बहुतेक वेळा रिमोटवरचं माइकचं बटण दाखवतात. ते आपण बोललेलं ऐकतं. अंध माणसाला पडद्यावर काय आलंय ते ऐकू यायला हवं. त्यासाठी गूगल टीव्हीत टॉकबॅक, फायर टीव्हीत व्हॉइसव्ह्यू, सॅमसंगमध्ये व्हॉइस गाइड आणि एलजीत ऑडिओ गाइडन्स असतं. नाव घेऊनच मागा आणि दुकानातच चालू करायला लावा.

चालू झालं की सेटिंग्जच्या यादीत भराभर खाली उतरून बघा. 1 जीबी रॅमच्या स्वस्त टीव्हीत आपण पाचव्या ओळीवर पोचतो तेव्हा आवाज अजून दुसरीच ओळ वाचत असतो, अन् मग भलतंच उघडतं. 2 जीबीच्या खाली जाऊ नये, मग पडदा 43 ऐवजी 32 इंची घ्यावा लागला तरी चालेल.

खरी अडचण घरी आल्यावर कळते. डिशच्या छत्रीची वायर सेट-टॉप बॉक्समध्ये, बॉक्स एचडीएमआयने टीव्हीला. टीव्हीचा टॉकबॅक फक्त टीव्हीचा मेनू वाचतो. बॉक्समधून येणारी चॅनलची यादी त्याच्या लेखी नुसतं चित्र. डीडी फ्री डिशवाल्यांनी म्हणून सॅटेलाइट ट्यूनर आतच असलेला टीव्ही बघावा. वायर थेट टीव्हीच्या मागे लावायची, उपग्रह जीसॅट-15 (93.5 अंश पूर्व) निवडायचा, एलएनबी पॉवर (छत्रीवरच्या डबीला टीव्हीतून जाणारी वीज) चालू ठेवून स्कॅन करायचं. बॉक्स गेला, दुसरा रिमोटही गेला. पैसे भरून घेतलेले डीटीएच चॅनल मात्र असे दिसत नाहीत.

गूगल टीव्हीत अ‍ॅक्सेसिबिलिटीमध्ये जाऊन शॉर्टकट चालू करा आणि सेवा म्हणून टॉकबॅक निवडा. मग बॅक आणि खालचा बाण एकत्र 3 सेकंद दाबले की आवाज सुरू, पुन्हा दाबले की बंद. हे आवर्जून करा, कारण घरातल्या डोळसांना ती बडबड नको होते आणि ते मेनूत जाऊन टॉकबॅकच बंद करून टाकतात.

जुना टीव्ही चांगला असेल तर फायर स्टिक पुरते. बॅक आणि मेनू एकत्र 2 सेकंद दाबा, व्हॉइसव्ह्यू सुरू. तिला वीज टीव्हीच्या यूएसबीतून देऊ नका, सोबतचा अ‍ॅडॉप्टर बोर्डात लावा. वीज कमी पडली की ती अधूनमधून आपोआप रीस्टार्ट होते. लाइन जाऊन आली की काही टीव्ही स्टिकऐवजी एव्ही इनपुटवर उघडतात आणि आवाजच येत नाही. टीव्हीत एचडीएमआय-सीईसी (जोडलेल्या उपकरणाला टीव्ही चालवू देणारी सोय) चालू असेल तर स्टिकचं होम बटण दाबून परत येता येतं.

थोडं दिसणाऱ्यांसाठी हाय कॉन्ट्रास्ट मजकूर चालू करा. टीव्ही दाराच्या समोर लावू नका, दुपारच्या उन्हात पडद्यावर दारच दिसतं.

रिमोट आकड्यांचा आणि 5 वर ठिपका असलेला घ्या. ओटीटीची बटणं बाणांच्या जवळ असतात, चुकून दाबली की चालू कार्यक्रम सोडून भलतंच अ‍ॅप उघडतं. बोटाला कळावं म्हणून होम बटणावर एम-सीलचा ज्वारीच्या दाण्याएवढा थेंब लावून रात्रभर वाळू द्या. खुणेला चिकटवलेली टिकली घामाने निघून जाते.