१०० केव्हीएचं रोहित्र घेताना: सीआरजीओ की अमॉर्फस, खनिज तेल की एस्टर?

कोटेशनवर दोन्ही रोहित्रं (ट्रान्सफॉर्मर) सारखीच दिसतात. फरक कोअरचा, म्हणजे आतल्या गाभ्याचा: सीआरजीओत तो सिलिकॉन पोलादाच्या पत्त्यांचा, अमॉर्फसमध्ये अतिपातळ धातूपट्टीचा. आयएस ११८० (भाग १) : २०१४ या भारतीय मानकातल्या स्तर २ (वीजबचतीची एक पातळी) नुसार ११ केव्हीच्या १०० केव्हीए रोहित्राचा एकूण तोटा निम्म्या लोडला ४७५ आणि पूर्ण लोडला १,६५० वॅटच्या आत हवा. पण त्यात नो-लोड लॉस किती नि लोड लॉस किती, हे या आकड्यांवरून कळत नाही, आणि निवड तर त्यावरच ठरते. नो-लोड लॉस कोअरचा. लाइन चालू आहे तोवर एकही दिवा न लावता जळतो. लोड लॉस वाइंडिंगचा, म्हणजे तारेच्या वेटोळ्यांचा. करंट दुप्पट झाला की चौपट होतो.

उदाहरणादाखल नो-लोड आणि लोड लॉस सीआरजीओचे १५० व १,३०० वॅट, अमॉर्फसचे ८० व १,५६० वॅट धरू. दोन्ही स्तर २ मध्ये बसतात.

| लोड | सीआरजीओ | अमॉर्फस |
|---|---|---|
| २०% | २०२ वॅट | १४२ वॅट |
| ५०% | ४७५ वॅट | ४७० वॅट |
| ८०% | ९८२ वॅट | १,०७८ वॅट |

वर्षभर सलग २० टक्के लोड असेल तर अमॉर्फस सुमारे ५२० युनिट वाचवतं. ८० टक्के असेल तर तेच सुमारे ८४० युनिट जास्त खातं. बरोबरी होते ती ५२ टक्क्यांना. मीटरिंग एच.टी. (११ केव्हीच्या) बाजूला असेल, तर हा सगळा तोटा तुमच्याच बिलात येतो.

इथे सरासरी लोड फसवतो. बारा तास ८० टक्के आणि बारा तास १० टक्के, म्हणजे सरासरी ४५. वाटतं अमॉर्फस घ्यावं. पण लोड लॉस लोडच्या वर्गानं (दुपटीला चौपट) वाढत असल्यामुळे हिशेबात धरायचा लोड ५७ टक्के निघतो आणि सीआरजीओ थोडक्यात जिंकतं. आधी मीटरचा तासवार डेटा काढा, मग कोटेशन मागवा.

‘शेतीच्या डीपीला (खांबावरच्या रोहित्राला) अमॉर्फसच’ हा सल्लाही सरसकट खरा नाही. वेगळ्या केलेल्या शेती फीडरवर (फक्त शेतीपंपांच्या लाइनवर) वीज दिवसाचे आठच तास असेल, तर कोअरची बचतही आठच तासांची, आणि त्या वेळात पंपांचा लोड जड. अमॉर्फसचं खरं घर म्हणजे गावठाणातली डीपी: वीज चोवीस तास, रात्री लोड नावाला.

दुरुस्तीत मात्र सीआरजीओ सरस. त्याच्या पत्त्या ०.२३ ते ०.२७ मिमी जाडीच्या, तर अमॉर्फसची पट्टी जेमतेम ०.०२५ मिमी आणि काचेसारखी ठिसूळ. रिवाइंडिंगला (तार नव्यानं भरायला) कोअर उघडताना कपच्या उडतात, तेलात उतरतात आणि इन्सुलेशनला धोका होतो. कोअर मोठा, म्हणून वजनही जास्त. रोहित्र पेलणारं डबल पोलचं (दोन खांबांचं) स्ट्रक्चर आधी तपासा. सीआरजीओचा धोका निराळा: जुन्या रोहित्रांतल्या पत्त्या पुन्हा वापरल्या की नो-लोड लॉस वाढतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून कारखान्यात समक्ष चाचणी घ्या: एच.टी. उघडी ठेवून एल.टी.ला (कमी दाबाच्या बाजूला) ४३३ व्होल्ट द्या आणि वॅट मोजा. दोन्ही तोटे ऑर्डरमध्ये वेगवेगळे लिहून घ्या. रिवाइंडिंगनंतर हीच चाचणी परत, शिवाय लोड लॉसचीही. बारीक तार भरली असेल तर तिथे उघडी पडते.

रोहित्रात भरायच्या, त्याला थंड ठेवणाऱ्या तेलाचा निर्णय जागा बघून करा. खनिज तेलाचा फायर पॉइंट (तेल पेटून जळत राहतं ते तापमान) साधारण १६० ते १७० अंश सेल्सिअस, नॅचरल एस्टरचा (वनस्पती तेलापासून केलेल्या तेलाचा) ३०० च्या वर. सांडलं तर एस्टर मातीत लवकर विघटित होतं, आणि कागदी इन्सुलेशनमधला ओलावा ओढून घेत असल्यानं कागद जास्त टिकतो. जिनिंग, गोदाम, विहीर, कालवा जवळ असेल तर जादा पैसे द्यावेत. मोकळ्या माळावर खनिज तेल पुरे. मात्र एस्टर हवेशी जुळवून घेत नाही. ब्रीदर (हवा आत-बाहेर जाण्याची वाट) लावलेल्या उघड्या टाकीत ते हळूहळू घट्ट होतं, म्हणून टाकी सीलबंद हवी. ते दाटही असतं, तेव्हा तेलाच्या वाटा मुळातच रुंद ठेवलेलं डिझाइन मागा. जुन्या रोहित्रात नुसतं तेल बदलणार असाल, तर खनिज तेल निथळून ७ टक्क्यांच्या आत आणावं लागतं, नाहीतर फायर पॉइंट खाली येतो.

आणि नवीन रोहित्राची ऑर्डर देण्याआधी आहे त्यावरचा पॉवर फॅक्टर (घेतलेल्या करंटचा किती भाग खऱ्या कामी येतो, त्याचं माप) मोजा. तो ०.७ असेल आणि पंपांना कपॅसिटर लावून ०.९५ झाला, तर तेवढ्याच कामाला करंट सुमारे २६ टक्के आणि वाइंडिंगचा तोटा सुमारे ४६ टक्के कमी होतो. ऑटोस्विचही काढा. वीज आली की सगळे पंप एकदम सुरू होतात, आणि तो झटका कोअर कोणताही असो, वाइंडिंगलाच बसतो.