सहा पंक्चरचे 1,300 रुपये, आणि खिळा होता एकच

डोकं अजून तापलेलंच आहे, लिहिताना मागेपुढे होईल, पण पुणे-सातारा बाईकवर जाणाऱ्यांनी हे वाचाच.

गेल्या रविवारी मी आणि बायको मामेभावाच्या साखरपुड्याला साताऱ्याला निघालो. अकराचा मुहूर्त. निघताना मागच्या चाकात मोजून 32 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरली होती, तो बॅटरीवाला छोटा पंप आहे ना, 2,199 ला घेतलेला, खास प्रवासासाठी. शिरवळ मागे पडलं आणि शेजारून एक बाईकवाला आला, "ओ दादा, मागं हवा कमी झालीय, वैनी पडतील," आणि पुढे सर्व्हिस रोडला दुकान आहे म्हणून हातही दाखवला. चालत्या गाडीच्या चाकात पाच पॉइंट हवा कमी आहे हे त्याला शेजारून कसं दिसलं, हे मला आत्ता सुचतंय.

दुकानापाशी थांबलो, टायरमध्ये एक बारका खिळा होता खरा. मी पंप लावला. स्क्रीनवर 27. म्हणजे तासाभरात पाचच उतरलेली! ट्यूबलेस टायर, खिळा तसाच ठेवून परत 32 केली असती तर आरामात साताऱ्यात पोचलो असतो. हे मला माहिती नव्हतं असंही नाही. पण दुकानातला माणूस आपणहून उठून आला, पंपाकडे बघून म्हणाला, "ह्या चायना मीटरवर जाऊ नका दादा, बाराच हवा आहे, घाटात टायर बसला तर?" पुढे खंबाटकी, मागे बायको. ती म्हणतही होती, "अहो, आपला मीटर सत्तावीस दाखवतोय ना?" रोज रात्री तेच वाक्य आठवतं. हातात स्वतःचा मीटर, समोर आकडा, आणि मी विश्वास ठेवला ज्याने मीटर लावलासुद्धा नव्हता त्याच्यावर.

मग साबणाचं पाणी, एक बुडबुडा, दुसरा बुडबुडा. "वैनींना सावलीत बसवा, माठातलं पाणी प्या." दोन मिनिटं गेलो असेन, परत आलो तर सहा पंक्चर. त्याच्या हातात टोच्या, वर झाकायला ओलं फडकं. गाडीपासून एक पाऊलही हलू नका, तहानेने जीव गेला तरी हलू नका. सहाचे 150 प्रमाणे 900, वर कसलंसं केमिकल 400, एकूण 1,300, यूपीआयने दिले. भांडायचं होतं असं कुणी म्हणेल. साडेनऊ वाजून गेलेले, बायको पैठणीत, आहेराची पिशवी हातात, आणि सहा भोकं डोळ्यासमोर फसफसताहेत, काय भांडणार होतो?

सोमवारी आमच्या नेहमीच्या पंक्चरवाल्याने टायर उतरवून दाखवला. पाच भोकं एकाच खाचेत, जिथे रबर पातळ असतं तिथेच, सगळी एका मापाची. नऊ महिन्यांचा टायर बाद. नवीन 2,450. म्हणजे 3,750 गेले.

पोलिसांचं काय सांगू. आमच्या इथल्या ठाण्यात म्हणे हद्द आमची नाही, तिकडे जा. रजा टाकून तिकडे गेलो तर दीड तास बाकावर, मग साहेब जेवायला, मग "1,300 रुपयांसाठी एवढ्या लांबून आलात?" अर्ज घेतला पण पोच द्यायला तयार नाहीत, शिक्का संपलाय म्हणे! दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात देता येते, नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये लिहिलंय, ते मोबाईलवर दाखवलं तर "आम्हाला कायदा शिकवू नका". बँकेत गेलो, तिथली बाई स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली, पिन तुम्हीच टाकलाय. टाकलाय, मान्य. पण पैसे ज्या नावावर गेले ते नाव दुकानाच्या पाटीवर नव्हतं, एवढं तरी लिहून घ्या ना! नाही. आणि 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा म्हणणाऱ्यांनो, बिल कुठे आहे माझ्याकडे? म्हणून आधी बिल मागा, देत नसेल तर तिथेच समजा.

खिळा दिसला की उपटू नका. पंप घेताना खोक्यावरचं 150 पीएसआय बघून भुलू नका, बाईकला लागतात तीस-पस्तीस, चाक किती मिनिटांत भरतं ते विचारा, आणि ठरलेल्या आकड्यावर आपोआप बंद होणारा घ्या. सायकलचा छोटा हातपंप बाईकला घेऊ नका, खांदे जातील. पायाचा पंप चालेल, त्याला चार्जिंगची भानगड नाही, बॅटरीवाला मात्र निघायच्या आदल्या रात्री चार्ज कराच. आणि जो आकडा दिसेल त्याचा फोटो काढा. मी काढला नाही, म्हणून 27 होती हे आज कुणाला दाखवू शकत नाही.

टायर टाकलेला नाही, पंक्चरला लावलेल्या पट्ट्यांसकट घरी ठेवलाय. शिरवळच्या पुढे तुमचंही असं झालं असेल तर तारीख, रक्कम, पेमेंटचा स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि मला कळवा. पुढच्या शनिवारी परत अर्ज घेऊन जाणार आहे, एकट्याचे 1,300 म्हणून हाकललं, दहा जणांचे कागद एकत्र ठेवले तर कसे हाकलतात बघू.