पांढरा भुगा

केर मीच काढला, हे आधी सांगून टाकतो. प्रोजेक्टर टांगायला आलेल्या माणसाच्या ड्रिलखाली पडलेला पांढराशुभ्र भुगा सुपलीत भरून मीच डब्यात टाकला. स्लॅबला भोक पाडलं की करड्या सिमेंटची खरखरीत धूळ पडते. पिठासारखी पांढरी धूळ पडते ती फॉल्स सीलिंगच्या जिप्समची. मला हे माहीत नव्हतं असंही नाही, हॉलमध्ये एसी बसवताना दोन्ही धुळी पाहिल्या होत्या. पण माणूस गोड बोलत होता आणि मला त्याच संध्याकाळी पिक्चर बघायचा होता.

२०२५ च्या दिवाळीतली गोष्ट. वाकडचा आमचा फ्लॅट, हॉलला फॉल्स सीलिंग, त्यावर साधारण नऊ इंचांची पोकळी आणि मग खरा स्लॅब. प्रोजेक्टर साडेतीन किलोचा. तो उलटा टांगायचा आणि समोर १०० इंची पडदा. विकत घेताना बसवण्याचं कोणी बोललं नव्हतं, म्हणून फोनवर शोधलं. वरच्या दोन-तीन नावांत एकाला ४.८ तारे होते, खाली एकाहून एक देखण्या हॉलचे फोटो. फोन लावला तर तासाभरात माणूस दारात. शर्टावर कुठल्याशा कंपनीचं बोधचिन्ह, हातात ड्रिलची पेटी.

हिशेब त्याने तोंडीच सांगितला. स्टँड २,४००, स्लॅबपर्यंतचा पाइप ९००, आठ एमएमचे चार अँकर फास्टनर, म्हणजे स्लॅबमध्ये घट्ट बसणारे बोल्ट, ६००, स्लॅबमधली चार भोकं प्रत्येकी २५० म्हणजे १,०००, मजुरी १,५००. एकूण ६,४००. बिल मागितलं तर म्हणाला, "पक्कं बिल पाहिजे तर १८ टक्के वर लागतील, सर." अकराशे-बाराशे रुपये वाचतात म्हणून मी गप्प बसलो. या हिशेबातला पाइप, फास्टनर आणि भोकं, म्हणजे २,५०० रुपयांचा माल, सीलिंगच्या वर जाणार होता. तिथे आपली नजर पोचत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"खूप धूळ उडते सर, आजींना त्रास होईल," म्हणत त्याने हॉलचं दार लोटून घेतलं. आतून ड्रिलचा आवाज आला. वीस मिनिटांत दार उघडलं. आई म्हणाली, "झालंसुद्धा? एसीवाल्याने एका भोकाला पाव तास घेतला होता." मी तिलाच सांगितलं की आता मशिनं चांगली आली आहेत.

स्टँड ताठ दिसत होता, बुडाशी छान गोल झाकण. पडद्यावर चित्रही आलं. खरं तर आमच्या प्रोजेक्टरला १०० इंची चित्रासाठी पडद्यापासून पावणेनऊ फूट अंतर पुरतं. याने अकरा फुटांवर टांगला, कारण प्लगपॉइंट तिथे जवळ होता. मग मेनूत जाऊन चित्र लहान केलं, कडा ओढूनताणून पडद्यात बसवल्या. अक्षरं थोडी मऊ दिसतात, असं मुलगी म्हणाली. तो म्हणाला, "दोन दिवसांत सेट होईल." अक्षरं कशी सेट होतात, हे विचारायचं मला सुचलं नाही. पैसे भलत्याच नावाच्या यूपीआयवर गेले. जाताना त्याने रेकॉर्डसाठी म्हणून हॉलचा एक फोटो काढला.

पहिल्याच रात्री पंखा चारवर केला की चित्र थरथरायचं, बंद केला की स्थिर. आम्ही पंखा दोनवर ठेवायला लागलो. माणूस स्वतःच्या चुकीशी किती लवकर जुळवून घेतो!

२ नोव्हेंबरला महिला विश्वचषकाचा अंतिम सामना. पावसामुळे दोन तास उशिरा सुरू झालेला, हॉलमध्ये पंधरा माणसं, खाली सतरंजीवर सोसायटीतली पोरं. हरमनप्रीतने शेवटचा झेल घेतला तेव्हा आम्ही ओरडलो, वरच्या मजल्यावरचे उड्या मारायला लागले आणि प्रोजेक्टरच्या बुडाशी कट् असा आवाज आला. सकाळी पाहिलं तर गोल झाकणापासून निघालेली केसाएवढी भेग वीतभर लांब गेली होती. बरोबर त्याखाली रात्री पोरं बसली होती.

सोसायटीच्या वायरमनला बोलावलं. त्याने प्रोजेक्टरला हातही लावला नाही. शेजारचा पॅनल लाइट खाली ओढला, त्याला दोन स्प्रिंगच्या क्लिपा असतात, तो सहज निघतो. मग माझ्या फोनवर टॉर्च लावून व्हिडिओ चालू केला आणि कोपरापर्यंत हात आत घातला. फोन बाहेर आल्यावर दोघांनी बघितलं. पाइप नाही. फास्टनर नाहीत. वर स्लॅबला ओरखडासुद्धा नाही. बोटभरही जाड नसलेल्या जिप्समच्या बोर्डातून चार काळ्या स्क्रूंची टोकं वर आलेली, त्यातल्या दोघांच्या प्लॅस्टिकच्या गिट्ट्या सैल होऊन वाकलेल्या. "साहेब, हा रात्री पडला नाही हे नशीब समजा," वायरमन म्हणाला.

त्या बसवणाऱ्याला फोन केला तर "स्लॅबमध्ये सळई लागली असेल सर, म्हणून तिरकं मारलंय." मग मी व्हिडिओ पाठवला. लगेच आवाज मऊ झाला. म्हणाला, २,५०० परत करतो, क्यूआर पाठवतो, स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील. मी स्कॅन केलंसुद्धा. स्क्रीनवर २,५०० आकडा दिसला, बोट पिनवर गेलं, तेवढ्यात मुलीने हात धरला. "बाबा, पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात." ती नसती तर ६,४०० चे ८,९०० झाले असते, तेही परतफेडीच्या नावाखाली.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. समोरच्याचं नाव-पत्ता विचारल्यावर माझ्याकडे सांगायला काय होतं? बिल नाही, पत्ता नाही, यूपीआयच्या पावतीवर भलतंच नाव. क्यूआरचं प्रकरण आणि नंबर संचार साथी या सरकारी पोर्टलवर, संशयास्पद फोन-मेसेज कळवायच्या 'चक्षू' या सोयीत नोंदवला. पिन टाकून पैसे गेले असते तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, ताबडतोब फोन करावा लागला असता.

वायरमनने पुढच्या रविवारी काम केलं. आधी पंख्याच्या पॉइंटकडे जाणारी वायर कुठून गेली असेल याचा अंदाज घेतला, मग जिप्सम चौकोनी कापून स्लॅबला लोखंडी प्लेट मारली. दार उघडंच होतं. भोकाभोकाला खिडक्यांची तावदानं खणखणत होती आणि सतरंजीवर करडी धूळ पडत होती. आई खुर्चीत बसून बघत होती. शेवटी त्याने स्टँडला दोन्ही हातांनी धरून पाय उचलले, क्षणभर लोंबकळला आणि म्हणाला, "आता टांगा." पावणेनऊ फुटांवर. सामानासकट १,८०० घेतले.

परवा मुलीने मला फोन आणून दाखवला. त्या माणसाच्या नावाखाली अजून ४.८ तारे आहेत आणि फोटोंमध्ये एक नवा फोटो आहे, आमच्या हॉलचा. प्रोजेक्टर ताठ, झाकण गोल, भिंतीला टेकवलेली आईची काठी कोपऱ्यात दिसते. खाली लिहिलंय, मजबूत स्लॅब फिटिंग.