बुधवारची एक पिंट: देवळालीच्या वाटेवरील एका गार्डन रेस्टॉरंटविषयी

नाशिक रोडहून देवळाली कॅम्पकडे जाताना एक गार्डन रेस्टॉरंट लागते. गेली अडीच वर्षे बहुतेक प्रत्येक बुधवारी संध्याकाळी मी आणि सौ. तेथे जातो. पुढे काही तक्रारीही लिहिल्या आहेत आणि मालकांशी रोजचा नमस्कार आहे, म्हणून नाव देत नाही. त्या रस्त्याने बुधवारी सातनंतर जाणाऱ्याला ठिकाण गाण्याच्या आवाजावरून सापडेल.

माझे वय ७२. सारी नोकरी करन्सी नोट प्रेसमध्ये गेली. १९२८ पासून नोटा छापणाऱ्या त्या कारखान्यात छापील ताव डोळ्यांखालून घालायचे आणि शाई फिकी पडलेली किंवा रेघ सरकलेली नोट बाजूला काढायची, हे काम ज्याने उमेदीची वर्षे केले त्याला निवृत्तीनंतरही वस्तू नुसती पाहता येत नाही. तो ती तपासतोच. सौ. म्हणतात, की मी मसाला पापडसुद्धा उजेडाकडे धरून बघतो. हे खरे आहे, पण त्याचे कारण पुढे येईल.

निवृत्त माणसाचा दिवस बाहेरून रिकामा दिसला तरी आतून बराच भरलेला असतो. सकाळचे फिरणे, वर्तमानपत्र, नातवाला शाळेच्या रिक्षेत बसवणे, बँकेत किंवा वीजबिलाच्या रांगेत एखादे काम, दुपारी वामकुक्षी आणि संध्याकाळी ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर रक्तदाब व राजकारण. उणीव असते ती करमणुकीची. मे महिन्यात गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणात वसंत व्याख्यानमाला भरते, शालिमारच्या महाकवी कालिदास कलामंदिरात नाटके लागतात. पण हे सगळे नाशिक शहरात, आणि आम्ही राहतो नाशिक रोडकडच्या जेल रोडला. रात्री साडेबाराला नाटक सुटल्यावर परतीची रिक्षा शोधणे या वयात तिसऱ्या अंकापेक्षा अधिक नाट्यमय होते. त्यामुळे घरापासून पंधरा-वीस मिनिटांवर आठवड्यातून एकदा गाणी ऐकायला मिळतात, ही गोष्ट आमच्यासारख्यांना लहान नाही.

आमच्या तरुणपणी बीअर प्यायची म्हणजे परमिट रूममध्ये जायचे. आत मिणमिणता दिवा, प्रत्येक टेबलाला प्लायवूडचा आडोसा, आडोशाला मळका पडदा. पगाराच्या दिवशी चार सहकारी त्या पडद्यामागे बसत आणि घरी जाण्याआधी बडीशेप चावत. बायकोला, मुलीला तेथे नेण्याचा विचारही कोणाच्या मनात येत नसे. या ठिकाणाचे परीक्षण करताना मी मुख्यतः एवढेच पाहतो, की म्हाताऱ्या माणसाला घरच्या माणसांसमोर, उजेडात, एक बीअर सावकाश पिता येते की नाही. चव, भाव, स्वच्छता हे सगळे त्यानंतर.

या कसोटीवर हे रेस्टॉरंट उतरते. परमिट रूम आतल्या इमारतीत आहे; बाहेर हिरवळीवर कुटुंबांसाठी बावीस टेबले आहेत आणि तेथेही बीअर मिळते. आंब्याची तीन झाडे तोडली नाहीत, हा मालकांचा मोठा गुण. प्रकाश इतपत आहे की मेनूकार्ड चष्म्याने वाचता येते आणि शेजारच्या टेबलावरचा ओळखीचा माणूसही दिसतो. सुरुवातीला त्याचा मला संकोच वाटे. पहिल्याच महिन्यात आमच्या सोसायटीचे माजी सचिव सुनेसह समोर येऊन बसले, त्यांनी माझ्या ग्लासाकडे पाहिले, मी त्यांच्या ग्लासाकडे पाहिले, आणि दोघांनीही हवापाण्याची चौकशी केली.

आता बीअरविषयी. डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर माझ्यावर आठवड्याला एका पिंटची मर्यादा घातली आहे. पिंट म्हणजे ३३० मिलिलिटरची लहान बाटली. मोठी ६५० ची असते. मी माइल्ड घेतो, जिच्यात मद्यार्काचे प्रमाण ५ टक्क्यांपर्यंत असते. स्ट्राँग ८ टक्क्यांपर्यंत जाते आणि आपल्याकडे खप तिचाच अधिक. कारण बहुतेक गिऱ्हाईक चवीपेक्षा पैशाला किती चढते याचा हिशेब करते. तो त्यांचा प्रश्न. मात्र ज्याने माइल्ड मागितली त्याला माइल्डच मिळाली पाहिजे. गेल्या वर्षी उन्हाळ्यात एका नव्या वेटरने टेबलाशी येण्याआधीच बूच उघडून आणलेली बाटली ग्लासात ओतायला घेतली. लेबल हाताने झाकले गेले होते. मी त्याला थांबवून बाटली फिरवली, तर ती स्ट्राँग. "काका, माइल्ड संपली, चव सेमच आहे," असे तो म्हणाला. चव एक नसते, आणि असली तरी माझ्या गोळ्यांना ते ठाऊक नसते. मालकांनी बाटली परत घेतली, दिलगिरी व्यक्त केली आणि तेव्हापासून बाटली टेबलावर दाखवून मगच उघडली जाते. ही सुधारणा फक्त आमच्याच टेबलापुरती आहे की सर्वांसाठी, हे तपासायला मी दोनदा शेजारच्या टेबलांवर लक्ष ठेवले, सर्वांसाठी आहे.

थंडपणाच्या बाबतीत मात्र भरवसा नाही. आठ वाजेपर्यंत बाटली अशी येते की तिच्यावर दव धरलेले असते आणि लेबल बोटाला ओले लागते. गर्दी वाढली की फ्रीजमधल्या थंड बाटल्या संपतात, नुकत्याच भरलेल्या बाहेर येतात आणि सोबत बर्फाची वाटी ठेवली जाते. बीअरमध्ये बर्फ घालणे म्हणजे वरणात पाणी घालून पंगत उठवणे. बाटल्यांचे क्रेट दुपारी मागच्या भिंतीशी उन्हात पडलेले मी स्वतः पाहिले आहेत. काच तपकिरी असते ती उजेडापासून बीअरचे रक्षण करण्यासाठीच. पण उन्हाच्या तडाख्याने बीअर तापली की तिचा ताजेपणा जातो, तेथे रंगीत काचही काही करू शकत नाही. हे मी मालकांना सांगितले. त्यांनी मान डोलावली. क्रेट अजून तेथेच आहेत.

बाटलीवरचे बारीक अक्षर वाचण्याची सवय असल्याने एक गोष्ट लक्षात आली. येथे मिळणारी बहुतेक बीअर छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतींतून येते. त्यांपैकी वाळूजच्या वसाहतीला पाणी जायकवाडीचे, आणि जायकवाडीसाठी आमच्या गंगापूर धरणातून पाणी सोडायची वेळ आली की नाशिकमध्ये आंदोलन उभे राहते. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्याच्या कारखान्यांचे पाणी निम्म्याहून अधिक तोडायला लावले होते, ते अनेकांना आठवत असेल. आमचे एक मित्र पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आहेत; ते पहिला घोट घेण्याआधी ग्लास उंचावून "गोदामाईचे पाणी घरी आले" असे म्हणतात. सौ. याला पाप समजतात.

खाण्यात शेवभाजी उत्तम. काळा मसाला घरच्यासारखा भाजलेला आणि शेव आयत्या वेळी घातलेली, त्यामुळे ती लगदा होत नाही. चकण्यातले उकडलेले शेंगदाणे कांदा-कोथिंबीर घालून येतात आणि त्यांचे वेगळे पैसे लावत नाहीत. मसाला पापड मात्र चारदा तरी मऊ आला; आधीच भाजून रचून ठेवतात. ताजा पापड कोणता आणि शिळा कोणता हे उजेडाकडे धरले की ओळखता येते, म्हणून मी तो तसा धरतो. मांसाहाराविषयी मी लिहू शकत नाही, सौ. समोर असतात.

बुधवार का, असे मी मालकांना विचारले होते. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शनिवार यांपैकी कोणता ना कोणता वार प्रत्येक जण पाळतो, शुक्रवार-रविवारी गर्दी आपोआप होते, उरला बुधवार. म्हणून त्या दिवशी कराओके ठेवले. श्रावणात बीअरचा खप घसरतो, पण गाणारे कमी होत नाहीत. त्या महिन्यात हिरवळीवर ताकाचे जग फिरतात. गाणारे बहुतेक आमच्याच वयाचे: प्रेसचे, तोफखाना केंद्रातील नागरी नोकरीचे, रेल्वेचे, दोन निवृत्त मुख्याध्यापिका. एका गाण्याचे ५० रुपये, आणि वहीत नाव लिहून क्रमाची वाट पाहायची. रफी आणि किशोर यांच्या बाजूने दोन तट आहेत. दम पुरत नाही, पट्टी खाली घ्यावी लागते, अंतऱ्याच्या वेळी पडद्यावरच्या ओळी पुढे पळतात आणि चष्मा मागे राहतो. तरीही एका मुख्याध्यापिकाबाईंनी मार्चमध्ये एक जुने भावगीत असे म्हटले, की वेटर ट्रे हातात घेऊन उभे राहिले आणि कोणाचेही बिल पंधरा मिनिटे आले नाही.

दोष आहे तो ध्वनिवर्धकाचा. कर्णे टेबलांच्या उंचीवर बसवले आहेत. सहा-सात नंबरच्या टेबलावर शेजारचा माणूस काय बोलतो हे ऐकू येत नाही. श्रवणयंत्र लावणाऱ्याने तेथे बसूच नये. दहा वाजता नियमाप्रमाणे यंत्रणा बंद होते, तेव्हा अचानक रातकिडे ऐकू येतात आणि सगळे एकमेकांशी ओरडून बोलत होते हे लक्षात येऊन हळू बोलू लागतात.

मुलीची मुलगी पुण्यात नोकरी करते, वय २३. दिवाळीच्या सुट्टीत ती आली आणि बुधवारी आमच्याबरोबर आली. मी पिंट मागवली. तिने मेनूकार्ड खाली ठेवून वेटरला शांतपणे सांगितले, "दोन करा." सौ.नी आधी माझ्याकडे, मग तिच्याकडे पाहिले.

"तुझ्या आईला मी काय सांगू?"

"आजी, बीअरला कायद्याने २१ लागतात. माझी दोन वर्षे वरची झाली."

"कायद्याचं नाही विचारलं मी."

मग थोडा वेळ कोणी बोलले नाही. नातीने माझ्यापेक्षा चांगली बीअर ओतली. ग्लास तिरपा धरून, शेवटी सरळ करून, दोन बोटे फेस ठेवून. तिनेच सांगितले, की इंग्रजीत डोके फिरलेल्या माणसाला 'डूलाली' म्हणतात आणि तो शब्द आमच्या देवळालीवरून गेला आहे, कारण मायदेशी नेणाऱ्या बोटीची वाट पाहत गोरे सैनिक येथील छावणीत महिनोन्महिने पडून राहत आणि कंटाळून बिथरत. २००९ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या एका मायक्रोब्रुअरीने तेच नाव घेतले. सारा जन्म देवळालीशेजारी काढून मला हे ठाऊक नव्हते. सौ. म्हणाल्या, "बघा, एका बाटलीची वाट बघताना तुम्हीही तसेच होता." आणि लिंबूसोड्याचा ग्लास नातीच्या ग्लासाला लावला. मुलीला अजून कोणी काही सांगितलेले नाही.

त्याच रात्री मी नातीला माझा आजीवन परवाना दाखवला. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार मद्य प्यायला अजूनही परवाना लागतो. एका दिवसाचा ५ रुपयांना, आजीवन १,००० रुपयांना. मी तो निवृत्तीच्या वर्षी काढला. आजवर कोणत्याही वेटरने, पोलिसाने किंवा नातेवाइकाने तो पाहायला मागितलेला नाही. तिने मात्र त्याचे छायाचित्र काढून मैत्रिणींना पाठवले.

बिलाविषयी दोन गोष्टी. खाण्यावर ५ टक्के जीएसटी आणि बीअरवर वेगळा व्हॅट लागतो, जो परमिट रूमसाठी १ नोव्हेंबर २०२३ पासून ५ चा १० टक्के झाला. त्यामुळे बिलात दोन हिशेब दिसले तर फसवणूक समजू नये. मात्र गेल्या जानेवारीत तिसरी ओळ दिसली: सेवा शुल्क ५ टक्के. ते न विचारता लावता येत नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच स्पष्ट केले आहे. मी काउंटरवर जाऊन तसे सांगितले. रक्कम ३१ रुपये होती, ती वजा झाली आणि मी ५० रुपये वेटरच्या हातात दिले. सौ.ना हा व्यवहार अद्याप समजलेला नाही. आमच्या दोघांचा खर्च, एक पिंट, एक लिंबूसोडा, शेवभाजी, चार पोळ्या आणि जिरा राईस धरून, सहाशे-सव्वासहाशेच्या आसपास जातो. त्या रस्त्यावरच्या इतर ठिकाणांच्या मानाने हा थोडा अधिक आहे, पण एका पिंटवर दोन तास बसलेल्या माणसाजवळ येऊन "अजून काही?" असे येथे कोणी विचारत नाही, आणि रिकामा ग्लास हातातून ओढून नेत नाही. त्यासाठी मी जास्तीचे पैसे द्यायला तयार आहे.

जायचे असल्यास साडेसहाला पोचावे, आंब्याखालचे चार नंबरचे टेबल घ्यावे आणि पहिली बाटली लगेच मागवावी, म्हणजे बर्फाची वाटी टळते. आषाढी एकादशी, अनंत चतुर्दशी आणि २ ऑक्टोबर यांपैकी काही बुधवारी येत असेल तर बीअर मिळणार नाही, गाणी मिळतील. प्रसाधनगृह स्वच्छ आहे, पण दोन पायऱ्या उतराव्या लागतात आणि तेथे कठडा नाही. गुडघेदुखी असलेल्याने काठी न्यावी. स्वतः गाडी चालवू नये. आमचे रिक्षावाले ठरलेले आहेत, ते सव्वादहाला फाटकाशी येतात. तसे कोणी ठरवले नसेल, तर दहानंतर त्या रस्त्यावर दुप्पट भाडे मागतात आणि घासाघीस करूनही दीडपटीच्या खाली येत नाहीत.