चांगली चेटकीण हवी असेल तर ‘द लिटल विच’ घ्या

पोरांना वाचून दाखवायला प्रेमळ चेटकिणीच्या गोष्टी शोधत असाल तर ऑटफ्रीड प्रॉयस्लरचं ‘द लिटल विच’ आधी घ्या, बाकीची नंतर. मूळ जर्मन पुस्तक १९५७ सालचं आहे पण जुनाट वाटत नाही, म्हणजे बहुतेक ठिकाणी तरी नाही.

यातली चेटकीण फक्त १२७ वर्षांची, चेटकिणींच्या हिशेबात अजून पोरच. दिवसाला सहा तास जादूचा अभ्यास करते आणि तरीही पाऊस पाडायला गेली की आभाळातून उंदीर पडतात नाहीतर बेडूक, एकदा तर चक्क ताक. सोबतीला अब्राक्सास नावाचा बोलका डोमकावळा आहे आणि मला विचाराल तर पुस्तकातलं सगळ्यात भारी पात्र तेच, कारण ती चुकत असली की तो तिला तोंडावर सांगतो, गोड गोड बोलत बसत नाही. मोठ्या चेटकिणींच्या वार्षिक नाचाला वय कमी म्हणून हिला बंदी, तरी ही चोरून जाते, पकडली जाते, तिचा झाडू जाळतात आणि तीन दिवस तीन रात्री पायी घरी पिटाळतात. वर अट अशी की वर्षभरात चांगली चेटकीण होऊन दाखव, मग पुढच्या वर्षी ये नाचायला. आता चांगली म्हणजे नेमकं काय, यावरच सगळं पुस्तक उभं आहे आणि शेवटी मजाही त्यावरच येते (ते सांगत नाही).

ती आपली तिला समजलं तसं करत सुटते. सरपण मिळत नाही म्हणून रडवेल्या झालेल्या म्हाताऱ्यांसाठी वारा सोडून फांद्या पाडते, कागदी फुलं विकणाऱ्या मुलीच्या फुलांना वास देते, घोड्यांना चाबकाने झोडणाऱ्या गाडीवानाचा चाबूक त्याच्यावरच उलटवते. थॉमस आणि व्रोनी ही भावंडं जंगलात वाट चुकून तिच्या घरी येतात आणि मग दोस्तीच होते, पुढे थॉमसच्या लाडक्या बैलावर संकट येतं तेव्हा हीच मदतीला येते. मला आवडलं ते हे की मुलांना ती चेटकीण आहे हे कळल्यावर घाबरणं-बिबरणं फार चालत नाही, थेट ‘जादू करून दाखव ना’ सुरू होतं, पोरं खरंच अशीच असतात.

या प्रकारातल्या बऱ्याच गोष्टींचा प्रॉब्लेम असा की चेटकीण म्हणजे फुकटचं एटीएम होते, मुलाने मागायचं आणि तिने छडी फिरवायची, त्यात दोस्ती कुठे आली? जादू तोकडी असली, फसत असली, की मगच समोरच्याची गरज लागते. एइको कादोनोच्या ‘किकीज डिलिव्हरी सर्व्हिस’मध्ये (१९८५) हे अजून छान जमलंय, तिथे १३ वर्षांच्या किकीला उडण्यापलीकडे जादू अशी येतच नाही, आणि तोंबो नावाचा मुलगा तिचा झाडू पळवून मोडून ठेवतो आणि मैत्री सुरू होते ती अशा भांडणातून. अगदी लहानांसाठी जूलिया डोनाल्डसनचं ‘रूम ऑन द ब्रूम’ आहे, तिथेही ड्रॅगनच्या तावडीतून चेटकिणीला सोडवतात ते झाडूवर जागा दिलेले प्राणीच. त्या मानाने ‘लिटल विच’मध्ये थॉमस-व्रोनी कमी पडतात हे खरं, ती दोघं तिला परत फारसं काही देत नाहीत, ते काम सगळं कावळा करतो.

तक्रारी आहेत. प्रत्येक प्रकरण म्हणजे सुटी गोष्ट, कुणीतरी दुःखी, ही येते, सुटका, पुढे चला, त्यामुळे एका बैठकीत वाचलं तर मधे कंटाळा येतो. झोपताना एक प्रकरण असं वाचलं तर मात्र मस्त बसतं. काही जुन्या आवृत्त्यांमध्ये आज खटकतील असे शब्द आहेत, २०१३ मध्ये जर्मन प्रकाशकाने ते बदलायचं जाहीर केलं तेव्हा तिकडे केवढा वाद झाला होता, तेव्हा कुठली प्रत हातात आहे ते एकदा चाळून बघा. आणि गोष्टीच्या शेवटी चेटकीण जो बदला घेते, तो जरा जास्तच मोठा आहे, पोरं टाळ्या वाजवतात, मला मात्र अजून नक्की ठरवता येत नाहीये की ते बरोबर होतं का.

सहा ते नऊ वयाला बरोबर बसेल, त्याहून मोठ्यांना किकी द्या, ती जरा हळू चालते पण एकटेपणाबद्दल जे सांगते ते लहानांना तितकं कळणार नाही. वाचून दाखवणार असाल तर अब्राक्साससाठी वेगळा आवाज आधीच ठरवून ठेवा, तो जवळजवळ प्रत्येक प्रकरणात बोलतो आणि मधेच आवाज बदलला की पोरं लगेच पकडतात.